विषारी इंजेक्शनने मृत्युदंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या मोठ्या केसमध्ये फाशीची शिक्षा झाली की "दोर कशाला, इंजेक्शन द्या ना, झोपेतच जाईल" असं कोणीतरी म्हणतंच. मी भूल विभागात काम करते, त्यामुळे हे प्रश्न घरात, नात्यात, वकील मित्रमैत्रिणींकडून सारखे माझ्याकडे येतात, आणि दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही म्हणून इथे सगळं एकत्र लिहिलंय. बराचसा भाग अमेरिकेबद्दल आहे, कारण ही पद्धत तिथेच सुरू झाली आणि तिच्याबद्दलची कागदपत्रं, पोस्टमॉर्टेम, कोर्टाचे निकाल तिथेच उघड झालेत. चीन, व्हिएतनाम, थायलंडमध्येही इंजेक्शन वापरतात, पण चीन आणि व्हिएतनाममध्ये मृत्युदंडाचे आकडेच सरकारी गुपित आहेत, तिथे आतलं बाहेर येत नाही.

नेमकं काय देतात?

जुनी पद्धत तीन औषधांची. पहिलं थायोपेंटाल, म्हणजे आपल्याकडे ओटीत सगळे ज्याला पेंटोथाल म्हणतात ते, भूल यायला. दुसरं पॅनक्युरोनियम, ज्याने शरीराचे सगळे स्नायू लुळे पडतात आणि श्वास थांबतो. तिसरं पोटॅशियम क्लोराईड, ज्याने हृदय बंद पडतं. कागदावर हे अगदी सोपं वाटतं. पहिलं नीट लागलं तर पुढचं काहीच कळत नाही, आणि पहिलं नीट लागलं नाही तर पुढचं सगळं कळतं. सगळा वाद इथेच आहे.

ही पद्धत डॉक्टरांनी शोधली का?

शोधणारा डॉक्टर होता, पण भूलतज्ज्ञ नव्हता. १९७७ साली ओक्लाहोमा राज्याला इलेक्ट्रिक चेअरपेक्षा बरं काहीतरी हवं होतं, तेव्हा तिथले मुख्य मेडिकल एक्झामिनर जे चॅपमन यांनी हा फॉर्म्युला सांगितला. त्यांचं काम पोस्टमॉर्टेमचं. मेलेल्या शरीरांमधला मी एक्स्पर्ट आहे, माणसाला तिथपर्यंत न्यायचं कसं त्यातला नाही, असं ते स्वतःच नंतर म्हणालेत. प्राण्यांवर ट्रायल नाही, कुठला अभ्यास नाही, आणि मग एकामागून एक राज्यांनी तेच उचललं. टेक्सासने ७ डिसेंबर १९८२ ला पहिल्यांदा प्रत्यक्ष वापरलं. एखादं साधं तापाचं औषध बाजारात यायला किती वर्षं तपासण्या होतात ते बघा आणि मग हे बघा.

दवाखान्यात रोज भूल देतात, मग तिकडेच एवढं अवघड का होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

भूल देणं म्हणजे इंजेक्शन मारून बाजूला होणं असं लोकांना वाटतं. खरं तर भूल देणारा माणूस पूर्ण वेळ पेशंटच्या डोक्याशी उभा असतो. पेंटोथाल ही पावडर असते, ती ताजी पाण्यात मिसळावी लागते, किती पाण्यात किती हे चुकलं तर डोसच चुकतो. मग हात बघायचा, सलाईन मोकळं चाललंय का, सुई शिरेतच आहे का. औषध गेल्यावर पापणीच्या केसांना हलकंसं बोट लावून बघतात, पापणी हलली तर अजून पूर्ण भूल नाही. बीपी, नाडी, ऑक्सिजन, सगळं डोळ्यासमोर. आणि एवढं करूनही काही गडबड वाटली तर थांबायची, परत फिरायची मुभा असते.

मृत्युदंडाच्या खोलीत यातलं जवळपास काहीच नसतं. कैद्याला टेबलवर पट्ट्यांनी बांधलेलं, औषध ढकलणारे भिंतीपलीकडे दुसऱ्या खोलीत, भिंतीतल्या भोकातून काही फूट लांब नळी आत आलेली, तिच्यात चार जोड. हात सुजला तर त्यांना दिसत नाही, नळी कुठे लीक झाली तर कळत नाही. शुद्ध गेली की नाही हे बऱ्याच ठिकाणी जेलचा अधिकारी हलवून, हाक मारून ठरवतो. हाक मारल्यावर न उठणं आणि ऑपरेशनची सुरी न कळण्याइतकी खोल भूल यात खूप अंतर आहे, ते अंतर ओळखायला आम्हाला वर्षं लागतात.

शीर न मिळणं एवढा मोठा प्रॉब्लेम कसा काय?

वॉर्डात ज्याने कोणी काम केलंय त्याला हे सांगायची गरज नाही. केमो झालेला पेशंट, वय झालेला, खूप वजन असलेला, वर्षानुवर्षं नशेची इंजेक्शनं घेतलेला, यांची शीर मिळता मिळत नाही. जेलमध्ये नेमकी अशीच माणसं जास्त, त्यात घाबरलेली आणि पाणी कमी प्यायलेली, म्हणजे शिरा अजून आत बसतात.

२००९ मध्ये ओहायोत रोमेल ब्रूमला दोन तास टोचत होते, अठराच्या आसपास प्रयत्न झाले, शीर मिळालीच नाही, शेवटी परत कोठडीत नेलं आणि तो पुढे २०२० पर्यंत जगला. अलाबामात २०१८ मध्ये डॉयल हॅम, कॅन्सरचा पेशंट, त्याच्या पायात आणि जांघेत सुया खुपसून शेवटी सोडून दिलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयडाहोत ७३ वर्षांच्या थॉमस क्रीचला आठ वेळा टोचलं, हातापायांना, आणि थांबवलं.

आणि शीर मिळाली असं वाटून ती मिळालेली नसणं हे त्याहून वाईट. आपण म्हणतो ना सलाईन आऊट गेलं, तेच. २००६ मध्ये फ्लोरिडात एंजल डियाझच्या दोन्ही हातांत सुया शिरेच्या आरपार गेल्या होत्या, औषध मांसात जात राहिलं, मरायला ३४ मिनिटं लागली, हातांवर केमिकलने भाजल्याच्या मोठ्या जखमा पोस्टमॉर्टेममध्ये सापडल्या. तिथले गव्हर्नर जेब बुश मृत्युदंडाच्या बाजूचे, तरी त्यांनी काही काळ सगळं थांबवलं.

क्लेटन लॉकेटच्या वेळी काय झालं होतं?

२९ एप्रिल २०१४, ओक्लाहोमा. लॉकेट हा तिथला खुनासाठी मृत्युदंड झालेला कैदी. जवळपास तासभर हात, पाय, मान सगळीकडे प्रयत्न करून शेवटी जांघेतली मोठी शीर धरली. त्या शिरेला लांब सुई लागते, ती तिथे नव्हती, जी होती ती घातली. मग बघणाऱ्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून कमरेवर चादर टाकली, आणि म्हणून सुईची जागा कोणालाच दिसेना. औषध शिरेत न जाता आजूबाजूला साठत गेलं, चादर उचलली तेव्हा तिथे मोठी सूज आलेली होती. तोपर्यंत त्याला बेशुद्ध जाहीर करून झालं होतं, आणि जाहीर केल्यावर तो डोकं उचलायला लागला, बोलायला लागला. पडदा ओढून घेतला. सुरुवातीपासून ४३ मिनिटांनी तो गेला.

सुईची जागा कधी झाकायची नाही हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

दुसरं औषध, ते लुळं करणारं, देतातच कशाला?

मला विचाराल तर सगळ्यात वाईट भाग हाच आहे. हृदय तिसऱ्याने थांबतं, शुद्ध पहिल्याने जाते, दुसऱ्याने मुख्यतः शरीर हलायचं बंद होतं. सरकारचं कोर्टातलं म्हणणं होतं की झटके दिसले तर मरणाची प्रतिष्ठा जाते, म्हणून हवं. म्हणजे हे बघणाऱ्यांसाठी आहे. आतल्या माणसाची भूल उतरली असेल तर तो गुदमरतोय, शिरेतून पोटॅशियमची आग होतेय, आणि त्याला भुवईसुद्धा हलवता येत नाही, बाहेरून बघणारा म्हणणार किती शांत गेला.

आणि पोटॅशियमबद्दल सांगते, वॉर्डात केसीएलची, म्हणजे याच पोटॅशियम क्लोराईडची अँप्युल इतर औषधांपासून वेगळी ठेवतात, ती कधीही थेट शिरेत द्यायची नाही, सलाईनमध्ये मिसळून हळूहळूच. मिसळलेलं असूनही जरा जोरात चाललं तर पेशंट हात ओढून घेतो, जळतंय म्हणतो. इथे ते तसंच, मोठ्या डोसमध्ये, एकदम.

अमेरिकेत कितीतरी राज्यांत कुत्र्यामांजरांना इंजेक्शनने कायमचं झोपवताना असं लुळं करणारं औषध वापरायला बंदी आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या २००८ च्या बेझ केसमध्ये न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी हे निकालात लिहिलं होतं.

भूल खरंच कमी पडते का, की हा नुसता अंदाज?

२००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक पेपर आला होता. ४९ कैद्यांच्या रक्तात मेल्यानंतर थायोपेंटाल किती होतं ते बघितलं, तर ४३ जणांमध्ये ते ऑपरेशनला लागतं त्यापेक्षा कमी निघालं, २१ जणांमध्ये तर शुद्ध असू शकेल इतकं कमी. यावर आक्षेप आले आणि ते बरोबर होते, मेल्यानंतर औषध रक्तातून चरबीत सरकतं, रक्त तासांनी काढलं तर आकडा कमी दिसणारच. त्यामुळे या एका पेपरवर सगळी इमारत उभी करू नका. पण ज्याला विचारायचं तो माणूस उरतच नाही, त्यामुळे ठोस पुरावा कधीच मिळणार नाही, आणि ही अडचण त्या पद्धतीच्या बाजूने मोजली जाते हे मला पटत नाही.

मग औषधं बदलली का? मिडाझोलामचं काय?

बदलली, पण वैद्यकीय कारणाने नाही, जुनी मिळेनाशी झाली म्हणून. मिडाझोलाम, आमच्याकडे मिडाझ, एंडोस्कोपीच्या आधी थोडं देतात ना, भीती जावी, गुंगी यावी, नंतर आठवू नये म्हणून. त्याने वेदना थांबत नाही. आणि एका मर्यादेपलीकडे डोस कितीही वाढवा, गुंगी त्या प्रमाणात खोल जात नाही. ऑपरेशन फक्त मिडाझवर कोणी करणार नाही.

जुलै २०१४ मध्ये ॲरिझोनात जोसेफ वुडला मिडाझोलाम आणि हायड्रोमॉर्फोन हे जबर वेदनाशामक दिलं, एका डोसमध्ये होईल असं ठरलं होतं, पंधरा डोस द्यावे लागले, जवळपास दोन तास तो धापा टाकत होता. त्याचे वकील मधेच कोर्टाला फोन करून थांबवा म्हणत होते, ती सुनावणी चालू असतानाच तो गेला.

एकच औषध भरपूर दिलं तर? जनावरांना देतात तसं?

पेंटोबार्बिटाल, म्हणजे पेंटोथालच्याच जातीचं औषध, एकटंच देण्याची पद्धत आता बरीच राज्यं वापरतात आणि तीन औषधांपेक्षा ती नक्कीच कमी वाईट आहे, कारण लुळं करणं आणि पोटॅशियम दोन्ही जातं. पण शीर मिळण्याचा प्रश्न तसाच राहतो. शिवाय पोस्टमॉर्टेममध्ये फुप्फुसात पाणी भरलेलं सापडायला लागलं. एमोरी युनिव्हर्सिटीतले भूलतज्ज्ञ जोएल झिव्हॉट यांनी हे पुढे आणलं, आणि २०२० मध्ये एनपीआर या अमेरिकन रेडिओने दोनशेहून जास्त पोस्टमॉर्टेम रिपोर्ट तपासले, त्यात ८४ टक्क्यांमध्ये हे सापडलं. माणूस तेव्हा पूर्ण बेशुद्ध होता की नाही यावर तज्ज्ञांचे दोन गट आहेत. बेशुद्ध नसेल तर ते बुडून मरण्यासारखं. २०२०-२१ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने याच औषधाने १३ जणांना मृत्युदंड दिला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्याच न्याय खात्याने वेदनेबद्दल शंका आहे म्हणून ती पद्धत मागे घेतली.

औषधं आणतात कुठून? मुंबईचा काही संबंध होता असं ऐकलं.

होता. अमेरिकेत थायोपेंटाल बनवणारी होस्पिरा ही एकच कंपनी उरली होती, तिने उत्पादन इटलीतल्या कारखान्यात हलवायचं ठरवलं, इटली म्हणाली मृत्युदंडासाठी वापरणार नाही याची हमी द्या, हमी देता येईना, आणि जानेवारी २०११ मध्ये कंपनीने औषधच बंद केलं. मग जेल खाती जगभर शोधत फिरायला लागली. लंडनमध्ये एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या ऑफिसातून चालणाऱ्या व्यापाऱ्याकडून घेतलं. आणि मुंबईतल्या केयेम फार्मास्युटिकल या कंपनीकडून नेब्रास्का आणि साऊथ डकोटाने घेतलं. ते कशासाठी जातंय यावर आवाज उठल्यावर एप्रिल २०११ मध्ये केयेमने जाहीर केलं की यासाठी आम्ही यापुढे विकणार नाही, आणि त्यात आपल्या धर्मातल्या मूल्यांचा दाखला दिला. मला त्या निर्णयाबद्दल आदर आहे, गिऱ्हाईक सरकारी होतं, पैसे मिळत होते, नाही म्हणायची सक्ती कोणी केली नव्हती. नंतर २०१५ मध्ये नेब्रास्काने कोलकात्याच्या एका दलालाला ५४,४०० डॉलर दिले, पण अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, आयातीला परवानगीच दिली नाही.

यात तुमचा आमचा पण संबंध येतो. मिसूरीने प्रोपोफॉल वापरायचं ठरवलं होतं, पांढरं दुधासारखं औषध, आज बहुतेक ऑपरेशनची सुरुवात त्यानेच होते. ते अमेरिकेला मुख्यतः युरोपातून जातं आणि युरोपियन युनियन निर्यातच थांबवेल अशी वेळ आली. एका कैद्यासाठी देशभरातल्या ऑपरेशन थिएटरना भुलीचं औषध मिळणार नाही, हे बघून २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने माघार घेतली.

आता कित्येक राज्यांनी औषध कोण पुरवतं हे गुप्त ठेवायचे कायदे केलेत. औषध कुठलं, कधीचं, कोणी तपासलं, काही विचारायचं नाही. ओक्लाहोमात जानेवारी २०१५ मध्ये चार्ल्स वॉर्नरला पोटॅशियम क्लोराईडच्या जागी पोटॅशियम ॲसिटेट दिलं गेलं, आणि ते बाहेर आलं ऑक्टोबरमध्ये.

डॉक्टरच उभे राहिले तर हे हाल थांबतील ना? ते का नाही म्हणतात?

अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा नियम स्पष्ट आहे, डॉक्टरने भाग घ्यायचा नाही, शीर शोधायची नाही, डोस सांगायचा नाही, मॉनिटर बघायचा नाही. मृत्यू दुसऱ्या कोणी जाहीर केल्यावर सर्टिफिकेट देता येतं. वर्ल्ड मेडिकल असोसिएशनने १९८१ मध्येच हे म्हटलं होतं. अमेरिकन बोर्ड ऑफ ॲनेस्थेसिऑलॉजीने २०१० मध्ये सांगितलं की जो भाग घेईल त्याचं बोर्डाचं सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. नर्सेस आणि फार्मासिस्टच्या संघटनाही विरोधात आहेत.

दुसरी बाजूही आहे आणि ती मांडणारे डॉक्टर वाईट माणसं नाहीत. ते म्हणतात, शिक्षा होणारच आहे, मी नाही गेलो तर कोणीतरी अडाणी जाऊन त्याचे हाल करेल, मग शेवटच्या क्षणी त्याला वेदना होऊ न देणं हे माझंच काम नाही का? हा युक्तिवाद मला खूप वेळ छळतो. पण पेशंट टेबलवर झोपतो तेव्हा आमच्या हातातली सिरिंज त्याच्या भल्यासाठीच आहे एवढ्या एका विश्वासावर झोपतो. तीच सिरिंज, तेच औषध, तोच पांढरा कोट घेऊन आम्ही सरकारच्या सांगण्यावरून मारायला जायला लागलो तर त्या विश्वासाचं काय होईल? आणि कैद्याने संमती दिलेली नाही, पेशंट म्हणून तो आलेला नाही, मध्येच नको म्हणाला तर मी थांबू शकत नाही. मग त्याला मी माझा पेशंट कसं म्हणू?

२००६ मध्ये कॅलिफोर्नियात न्यायाधीश जेरेमी फोगेल यांनी मायकेल मोरालेसच्या केसमध्ये सांगितलं की भूलतज्ज्ञ हजर ठेवा. दोन जण तयार झाले. मग त्यांना कळलं की कैदी जागा झाला तर हस्तक्षेप त्यांनी करायचाय, म्हणजे पुन्हा औषध देऊन मारायचं त्यांनी. दोघांनीही ऐनवेळी नकार दिला, शिक्षा टळली, आणि कॅलिफोर्नियात तेव्हापासून एकही मृत्युदंड झालेला नाही.

तरी काही डॉक्टर जातात, नाव गुप्त ठेवून. नॉर्थ कॅरोलायनाच्या मेडिकल बोर्डाने अशांवर कारवाई करू म्हटलं तर २००९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने बोर्डाचे हात बांधले.

अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट काय म्हणतं?

थोडक्यात, इंजेक्शन चालेल. २००८ बेझ, २०१५ ग्लॉसिप, २०१९ बकल्यू, तिन्ही वेळा कैदी हरले. ग्लॉसिपमध्ये कोर्टाने मिडाझोलाम चालेल म्हटलं, आणि कैद्यावरच जबाबदारी टाकली की याहून कमी वेदनेची, उपलब्ध असलेली दुसरी पद्धत तूच दाखव. म्हणजे स्वतःला मारायचा प्लॅन त्याने स्वतः कोर्टात मांडायचा. बकल्यूला घशात रक्तवाहिन्यांच्या गाठी होत्या, त्या फुटून स्वतःच्याच रक्तात गुदमरेन असं तो सांगत होता. कोर्ट म्हणालं, राज्यघटना वेदनारहित मरणाची हमी देत नाही.

फाशी, खुर्ची, गोळी यापेक्षा तरी इंजेक्शनमध्ये कमी चुका होतात ना?

नाही. ॲमहर्स्ट कॉलेजचे प्राध्यापक ऑस्टिन सॅरट यांनी १८९० ते २०१० मधले अमेरिकेतले मृत्युदंड तपासले. गडबड होण्याचं प्रमाण इंजेक्शनमध्ये सगळ्यात जास्त, सुमारे ७ टक्के, फाशी आणि इलेक्ट्रिक चेअर दोन्हींपेक्षा जास्त. म्हणूनच राज्यं आता पळवाटा शोधतायत, अलाबामाने जानेवारी २०२४ मध्ये केनेथ स्मिथला नायट्रोजनने मारलं, साऊथ कॅरोलायनात मार्च २०२५ मध्ये गोळ्या घालून मृत्युदंड दिला गेला.

ज्याने निर्घृण खून केला त्याच्या दुखण्याची एवढी काळजी कशाला?

लॉकेटने एका १९ वर्षांच्या मुलीला गोळ्या घातल्या होत्या आणि ती जिवंत असताना पुरायला लावलं होतं. हे वाचून ज्याचं रक्त तापतं त्याला मी चुकीचं म्हणणार नाही, माझंही तापतं. पण कायद्याने दिलेली शिक्षा मृत्यूची आहे, छळाची नाही, ती मर्यादा कोर्टानेच घातलीय. शिवाय त्या मुलीच्या आईबापाने तरी काय मिळवलं? पंधरा वर्षं थांबून शेवटी सगळ्या बातम्या खुन्याच्या वेदनेच्या, त्यांच्या मुलीचं नाव कुठेतरी खाली.

भारतात इंजेक्शन येणार का?

सध्या कायद्यात फाशीच आहे. आधी सीआरपीसीचं कलम ३५४(५), आता नव्या संहितेतही तेच शब्द आलेत. १९८३ मध्ये दीना केसमध्ये सुप्रीम कोर्टाने फाशी वैध ठरवली. २००३ मध्ये लॉ कमिशनच्या १८७ व्या रिपोर्टमध्ये इंजेक्शनचा पर्याय सुचवला. २०१७ मध्ये एका वकिलांनी याचिका केली की फाशी अमानुष आहे, दुसरी पद्धत द्या. केंद्र सरकारने फाशीची बाजू धरली आणि २०२५ मध्येही कैद्याला पर्याय देणं व्यवहार्य नाही असं कोर्टात सांगितलं.

फाशी बरी आहे असं मी म्हणत नाहीये, तिथेही हाल होतात. पण याचिकेतलं "इंजेक्शन म्हणजे शांत मरण" हे गृहीतक वरचं सगळं वाचल्यावर टिकत नाही. आपल्याकडे फाशीची सोय येरवड्याला आणि नागपूरला आहे, कसाबला २०१२ मध्ये येरवड्यात आणि याकूब मेमनला २०१५ मध्ये नागपुरात फाशी झाली. फाशीच्या वेळी जेलचा मेडिकल ऑफिसर हजर असतो, मृत्यू झाल्याचं तो सांगतो. उद्या इंजेक्शन आलं तर शीर शोधायचं काम त्याच्याच गळ्यात पडणार, किंवा त्याच्या हाताखालच्या कंपाउंडरच्या. हा डॉक्टर एरवी त्याच कैद्याचा बीपी तपासतो, डायबिटीसच्या गोळ्या देतो, खोकला झाला तर छाती बघतो. त्याला नकार द्यायचा हक्क कायद्यात लिहून मिळणार का, हे आधी ठरवा, कुठलं औषध आणि किती मिलिग्रॅम ते नंतर बघता येईल.